अर्धं जातं

सन १९०७ मध्ये मी धार संस्थानच्या नाक्यावर कारकून होतो आणि कारकुनाला परवडेल त्याहून माझं डोकं जरा जास्तच तापट होतं. आमच्या संस्थानच्या खाणीतल्या काळ्या दगडाची जाती सगळ्या माळव्यात जात. देवासकडच्या नाक्यावर त्यांच्यावर दुप्पट जकात बसली, तेव्हा खाणीचे कामदार, म्हणजे कारभारी, गोपाळराव चिडले. त्यांनी हुकूम काढला: जकात उतरेपर्यंत देवासला एकही जातं जाणार नाही, मग ते कुणाचंही असो.

हुकूम मला भलताच आवडला. दोन महिन्यांत देवासचे लोक झिजलेल्या जात्यांना पुन्हा पुन्हा छिन्नीनं टाके घालून मेटाकुटीला आले होते.

मग गोपाळरावांच्या लेकीचं, मालनचं लग्न झालं. सासर देवासचंच, आणि सासरे प्रतापराव म्हणजे तिकडच्या जकातीचे अंमलदार. सोयरीक वर्षापूर्वी ठरलेली, पण रागाच्या भरात गोपाळरावांना तिची आठवण राहिली नव्हती. त्यांच्या घराण्यात मुलीबरोबर नवं जातं द्यायची रीत. पाठवणीची बैलगाडी नाक्यावर आली आणि तिच्यात गवतावर जातं.

मी गाडी अडवली.

गाडीवान गणोजी म्हणाला, "भिया, कामदारांचंच जातं आहे, जाने दो."

"हुकूमही कामदारांचाच आहे."

गोपाळराव नाक्यापर्यंत पोचवायला आले होते. जातं सोडलं तर दोन महिन्यांची नाकेबंदी फुकट, अडवलं तर लेक रीतीवाचून सासरी जाणार. त्यांचा चेहरा पाहून मला माझ्या ताठ्याची लाज वाटली.

मालन गाडीतून उतरली. "दत्ताजीकाका, हुकूम जात्यावर आहे ना? मग नुसती वरची तळी, वरचा दगड तेवढा द्या. अर्ध्यानं काही दळता येत नाही."

मी हुकूम दोनदा वाचला. पोरीचं बरोबर होतं. वरची तळी गेली, खालची नाक्यावर राहिली.

देवासला सासूबाई इंदिराबाईंनी ते अर्धं जातं ओसरीवरच मांडलं. सून बघायला येणारी प्रत्येक बाई विचारी, दुसरी तळी कुठे? इंदिराबाई सांगत, आमच्या ह्यांच्या जकातीपायी अडली आहे. प्रतापरावांना घरात घास गिळणं कठीण झालं. पंधरा दिवसांत जकात पहिल्यासारखी झाली.

आम्ही नाक्यावर पेढे वाटले. गोपाळराव गणोजीबरोबर तळी धाडणार, तोच त्यांना मालनचं पत्र आलं.

"तात्या, तळी दुसऱ्या कुणाबरोबर आली तर घेणार नाही, वरचीही परत पाठवीन. तुम्ही स्वतः आणायची आणि माझ्या हातचं दळण जेवून जायचं."

त्यांच्यात नातू होईपर्यंत बाप लेकीच्या घरचं पाणीसुद्धा घेत नसे. त्यामुळे वर्षानुवर्षं लेकीकडे न फिरकलेले बाप मी पाहिले होते. गोपाळरावांनी पत्र माझ्यापुढे धरलं.

"रीत मोडते, दत्ताजी."

"मग तळी धरा अडवून. बघू किती दिवस टिकता."

तीन दिवस टिकले. चौथ्या दिवशी सकाळी तळीशेजारी गाडीत बसून गेले.

परत आले तेव्हा मी विचारलं, "किती पोळ्या खाल्ल्या?"

"चार," गोपाळराव म्हणाले आणि उपरण्यानं डोळे पुसले. "नको म्हणायचं लक्षातच आलं नाही."