ज्याची त्याची यादी

तृप्तीने आरोग्यसेवक सहादूच्या नावाने लॉगिन केलं आणि यादी उघडली. कालपर्यंत तिथे अडीच हजार नोंदी दिसायच्या. आता एकशे बेचाळीस, सगळ्या त्याच्याच पाड्यांच्या. खात्रीसाठी तिने दुसऱ्या गावातल्या एका नोंदीचा क्रमांक थेट ब्राउझरच्या पत्त्यात टाकला. ‘ही नोंद पाहण्याची परवानगी नाही.’ समाधानाने तिने खुर्ची मागे सरकवली.

गंगापूर रोडवरची ती संस्था पेठ-सुरगाण्याकडे सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणी करायची. नोंदींचा प्रोग्राम दोन वर्षांपूर्वी, २००५ साली, तृप्तीनेच लिहिला होता. बारा आरोग्यसेवक कधी तालुक्याच्या सायबर कॅफेतून, कधी ऑफिसात येऊन माहिती भरायचे, आणि प्रत्येकाला सगळ्यांचं सगळं दिसायचं. त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटलं नव्हतं. मग महिन्यापूर्वी सुरगाण्याकडचा मोतीराम आला.

“माझ्या पोरीची सोयरीक मोडली,” तो उभ्यानेच म्हणाला होता. “तिच्या रक्तात काय हाय, ते तिकडच्या गावाला कसं कळलं?”

तृप्तीने तपासलं. मुलीची नोंद सहादूने उघडली होती. तिचं गाव त्याच्याकडे नसताना. डॉक्टर ज्योत्स्ना संस्थेच्या प्रमुख. त्या एवढंच म्हणाल्या, “ज्याला त्याला आपल्यापुरतंच दिसू दे.”

सोमवारी सहादू पेठच्या एसटीने आला, कॉम्प्युटरपुढे बसला आणि बराच वेळ यादी वरखाली करत राहिला.

“ताई, बाकीची माणसं गेली कुठं?”

“आहेत. तुम्हाला दिसणार नाहीत.” आवाज करडा झाल्याचं तिला जाणवलं, पण तिने तो तसाच राहू दिला. “मोतीरामभाऊंच्या मुलीची नोंद कशाला उघडलीत?”

सहादूने माउसवरचा हात काढून गुडघ्यावर ठेवला.

“नवरदेव माझ्या गावचा. त्याच्या रक्तात हाय, तिच्याबी रक्तात हाय. दोघांच्याबी असलं की लेकरू आजारी निघू शकतं. एकाच्याच असतं, तर मी तोंडबी उघडलं नसतं. मी फक्त पोराच्या कानावर घातलं. त्यानं घरी सांगितलं, घरच्यांनी गावभर केलं.”

“डॉक्टरांना सांगायचं होतं.”

“चुकलं माझं.” तो पडद्याकडेच बघत होता. “आमचंबी तसंच हाय ताई. माझं आन् बायकोचं, कुसाबाईचं. आमचा बारकू गेल्यावर कळलं ते. पाच वर्षांचा होता. आधी कुणी सांगितलं असतं तर...” त्याने माउस पुन्हा हातात घेतला. “तर काय केलं असतं, तेबी ठाव नाय.”

तृप्ती उठली आणि डॉक्टरांच्या खोलीत गेली. अर्ध्या तासाने परतली तेव्हा सहादू आपल्या एकशे बेचाळीस माणसांच्या नावांपुढे माहिती भरत बसला होता.

“यादी पुन्हा सगळ्यांना खुली होणार नाही,” ती म्हणाली. आवाज आता खाली आला होता. “पण काहीतरी करते.”

पुढचे तीन दिवस ती एका नव्या पानावर काम करत होती. पानावर दोनच चौकोन. लग्न ठरवण्याआधी मुलाने आणि मुलीने आपापलं तपासणीचं कार्ड घेऊन स्वतः यायचं आणि नंबर द्यायचे. नाव नाही, गाव नाही, कुणाला काय निघालं तेही नाही. खाली एकच ओळ उमटणार: ‘अडचण नाही’, नाहीतर ‘दोघांनी मिळून डॉक्टरांना भेटा’.

पुढच्या सोमवारी सहादू आल्या आल्या म्हणाला, “मोतीरामकडं जाऊन आलो.”

“काय म्हणाले?”

“बस म्हणाला नाय. पण ऐकून घेतलं.”

तिने त्याला नवं पान दाखवलं. चाचणीसाठी काढलेले खोटे नंबर कागदावर लिहून ठेवले होते. तो कागद तिने पुढे केला.

“थांबा,” सहादू म्हणाला. शर्टाच्या खिशातून त्याने प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत दोन कार्डं होती. एक त्याचं, एक कुसाबाईचं. एका बोटाने, आकडा आकडा ताडून पाहत, त्याने दोन्ही नंबर भरले आणि बटण दाबलं.

‘दोघांनी मिळून डॉक्टरांना भेटा.’

सहादू त्या ओळीकडे बघत राहिला. मग त्याने एका कार्डावर दुसरं कार्ड ठेवलं आणि दोन्ही परत पिशवीत घातली.

“बरोबर चालतंय,” तो म्हणाला.