‘गेली’ म्हणजे काय

ताईंना ताटात मीठ कमी चालायचं, पण वाक्यात काना कमी चालायचा नाही, असं त्यांची धाकटी जाऊ म्हणायची. खोटं नव्हतं ते. बावीस वर्षं वर्तमानपत्राची मुद्रितं तपासलेली बाई ती. निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसवेना, म्हणून दोघींनी मागच्या खोलीत भिंतींवर जाड रजया टांगल्या आणि न सुटलेल्या गुन्ह्यांचा पॉडकास्ट सुरू केला. ताई बोलायच्या आणि जाऊ आवाज कापायची, जोडायची. पहिल्या तीन भागांकडे काळं कुत्रंही फिरकलं नाही.

चौथा भाग एका बेपत्ता बाईचा होता. शिवण शिकवायची, आठ महिन्यांपूर्वी दिसेनाशी झाली. घरात थोरला भाऊ तेवढा, घड्याळजी. ताई दुकानात गेल्या तेव्हा त्यानं डोळ्याचं भिंग काढलं, स्टूल पुसून पुढे केलं आणि पाऊण तास बोलला. घरी येऊन ते ऐकताना ताई एका वाक्यावर अडकल्या. ‘ती गेली त्या दिवशी मी दुकानातच होतो.’

“ऐकलंस? निघून गेली म्हणत नाही, हरवली म्हणत नाही. गेली! मेलेल्या माणसाबद्दल बोलतात तसं.”

“अहो ताई, काल पाहुणे गेले. आपण रडत बसलो का? कप विसळले.”

“तू आवाजाचं बघ. शब्दांचं मला कळतं.”

जाऊ गप्प बसली. नंतर त्या गप्प बसण्याचा तिला फार त्रास झाला, पण तेव्हा ती गप्प बसली.

ते एक वाक्य ताईंनी तीनदा ऐकवलं, त्यावर अर्धा तास बोलल्या, आणि पॉडकास्टनं जी उचल खाल्ली म्हणता! लाखभर लोक ऐकू लागले. वाण्याच्या दुकानात ताईंचा आवाज ऐकून माणसं वळून बघायची. ताईंचे पाय जमिनीवर नव्हते.

घड्याळजीच्या शटरवर मात्र कुणीतरी रंगानं ‘खुनी’ लिहिलं. पोलिसांनी दोनदा बोलावलं आणि काही हाती न लागल्यानं सोडून दिलं. लोकांनी काही सोडलं नाही. गिऱ्हाइकं उघडी घड्याळं तशीच परत घेऊन गेली. एक दिवस तो दुकान बंद करून कुठेतरी निघून गेला, तर ताई म्हणाल्या, “निर्दोष माणूस पळेल कशाला?” हे वाक्य आठवलं की आजही त्यांना स्वतःची किळस येते.

चार महिन्यांनी, सकाळी दहाच्या सुमारास, दारात एक बाई उभी राहिली.

“मी घड्याळजींची बहीण. दादा कुठे आहे?”

ताईंनी खुर्ची पुढे केली. जाऊनं पाणी दिलं. कुठे आहे ते दोघींनाही ठाऊक नव्हतं.

“एका माणसापायी भांडून घर सोडलं मी,” ती म्हणाली. “दादा म्हणाला होता, बाहेर पाऊल टाकलंस तर माझ्या लेखी मेलीस. त्या माणसाचे रंग लवकरच दिसले. परत यायला बॅग भरली होती, तेवढ्यात तुमचा भाग लागला. तुम्हीच समजावून सांगत होता, हा मेलेल्या माणसाबद्दल बोलतोय म्हणून. म्हटलं, म्हणजे खरंच मेले मी त्याच्या लेखी. पुढचं ऐकवेना, बंद केलं. शेवटी राहवेना म्हणून परवा आले, तर दुकानाला कुलूप.” तिनं डोळे पुसले. “त्याचं सगळं बोलणं आहे ना तुमच्याकडे? मला ऐकवा.”

ताईंना नको होतं. जाऊनं त्यांच्याकडे न बघता लावलं.

मागे घड्याळांची टिकटिक, आणि त्याचा आवाज. “ती गेली त्या दिवशी मी दुकानातच होतो. घरी असतो तर हात धरून बसवलं असतं. रागात नको ते बोलून बसलो. आता आली तर एका अक्षरानं विचारणार नाही. एवढं सांगाल का तुमच्या कार्यक्रमात? तिला असले कार्यक्रम ऐकायचा नाद आहे.”

बहिणीनं मान वर केली. “हे का नाही लावलंत?”

ताई खरं तेच बोलल्या. “भाग लांबत होता.”

“किती?”

जाऊनं पडद्यावर बघितलं.

“पंधरा सेकंद,” ती म्हणाली.