रोज चालणारी गाडी

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला कंपनीत सगळे भिंगरी म्हणत. जेवतानाही त्याचा एक पाय हलायचा. असा माणूस चार वर्षं एकाच गाडीपुढे ठाण मांडून बसला, याचं त्याच्या बायकोला नवल वाटे. गाडी म्हणजे दोघांपुरती, बुटकी, लाल स्पोर्ट्स कार; वयाने त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी. भंगारात निघालेली ती त्याने शक्य तेवढे मूळचे भाग राखून उभी केली आणि प्रदर्शनात मिरवायची सोडून कामावर न्यायला लागला.

"हौसेची वस्तू हौसेपुरती ठेवावी," बायको म्हणे. ती शाळेत गणित शिकवायची. "रोज तीस किलोमीटर पळवतोस. एखाद दिवशी रुसली म्हणजे?"

"गाड्या उभ्या राहून मरतात गं. चालती गाडी रुसत नाही."

पण चालवताना त्याचाच जीव थाऱ्यावर नसे. त्याने रेडिओ काढून टाकला होता, इंजिनाचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून. सिग्नलला थांबला की नजर तापमानाच्या काट्यावर.

एका दुपारी फोन आला. एका इमारतीत दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकली होती, आत एक बाई एकट्या. सगळ्यांत जवळ तोच होता. अर्ध्या वाटेवर गाड्यांची रांग लागली आणि काटा चढू लागला. इंजिनाची उष्णता ओढून घ्यायला त्याने हीटर पूर्ण सोडला. बाहेर भाजणारं ऊन, आत हीटर. घाम डोळ्यांत जात होता. तेवढ्यात फटकन आवाज झाला. पंख्याचा पट्टा तुटला होता.

नवा पट्टा पेटीत होता, पण इंजिन इतकं तापलेलं की हात लावायची सोय नव्हती. तो गाडीभोवती फेऱ्या मारत राहिला. फोन वाजला.

"कुठं पोचलास?" साहेबांनी विचारलं. "दुसऱ्या कुणाला पाठवू का?"

"नको, आलोच."

दहा मिनिटांनी पुन्हा तेच. पुन्हा "आलोच". इंजिन निवल्यावर पट्टा बसवून पोचायला पाऊण तास लागला.

दार उघडलं तेव्हा सत्तरीच्या बाई चपला काढून जमिनीवर बसल्या होत्या. ओरडल्या नाहीत. त्याचा हात धरून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "वरून लोक सांगत होते, लिफ्टवाले आलेच, आलेच. मी दर वेळी उठून उभी राहत होते हो."

त्याला तोंड वर करता येईना. संध्याकाळी त्याने आपणहून साहेबांना खरं काय ते सांगितलं.

"उद्यापासून कंपनीची व्हॅन," साहेब एवढंच म्हणाले.

व्हॅन कधी बंद पडली नाही. तिच्यात ऐकण्यासारखं काही नव्हतं, म्हणून त्याला बाईंचा आवाज ऐकू येई. महिनाभर तो भरल्या ताटावरून उठून खाली जायचा आणि गाडीपाशी नुसता उभा राहायचा. एकदा बायको मागोमाग आली.

"तुला बोचतंय काय? गाडी, की ते 'आलोच'?"

"पट्टा जुना झालाय हे मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "कारखान्याचा शिक्का होता त्याच्यावर, म्हणून काढवेना."

"शिक्क्याने पट्टा टिकतो होय?"

रविवारी त्याने बॉनेट उघडलं. मोठा रेडिएटर, विजेवरचा पंखा, नवी इग्निशन, सगळे रबरी पाइप नवे. कामात मदत करणारे म्हातारे मेकॅनिक काका कपाळाला हात लावून बसले.

"अरे, जातिवंत घोडीचं खेचर केलंस!"

"खेचर वेळेवर पोचतं, काका."

गाडी पुन्हा कामावर आणायला साहेबांनी परवानगी दिली ती एका अटीवर: उशीर होणार असेल तर तसं सांगायचं. त्यानंतर दोनदा तो फोनवर म्हणाला, "रस्ता तुंबलाय, दुसऱ्याला पाठवा." दोन्ही वेळा जिभेवर आलेलं "आलोच" त्याला गिळावं लागलं.

आता आठ महिने झाले, गाडी एकदाही थांबलेली नाही. थांबतो तोच. परवा बायकोला शाळेत सोडायला निघाला होता. तिच्या मांडीवर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. मध्येच त्याने गाडी कडेला घेतली, खाली उतरला, बॉनेट उघडून कान लावला.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही."

"मग चल ना, पहिला तास माझाच आहे."

तो बसला. पुढच्या वळणापर्यंत त्याची मान तिरपीच होती.