ओढ्यातले तीन सेंटीमीटर

"लिही ना, 'फरक नाही' असं लिही! तीन सेंटीमीटर म्हणजे काय गं? गुरांनी तोंड लावलं तरी तेवढं कमी होतं!"

दादा काठावरून माझ्या डोक्यावर ओरडत होता. मी ओढ्यात गुडघाभर पाण्यात, मोजपट्टीशी वाकलेले.

आमच्या भूजल खात्याच्या चाचणीसाठी सकाळी सातला त्याच्या विहिरीवरचा पंप सुरू केला होता. ओढ्याचं पाणी उतरलं नाही, तर विहीर त्याचीच राहणार. उतरलं, तर दोन्हीचं पाणी जमिनीखालून एकच, आणि विहिरीला सील. खालच्या वस्तीला प्यायला हा एकच ओढा, तोही आटत चाललेला. आणि दादाची चाळीस हजार रोपांची रोपवाटिका त्या विहिरीवर.

"सहा वर्षांपूर्वी तूच लिहिलंस, संबंध नाही म्हणून."

"तेव्हा मी यायच्या आधी तुझा पंप रात्रभर चालू होता. पाणी आधीच उतरलेलं. आणखी काय उतरणार, कपाळ?"

"तू विचारलंस कुठे?"

नव्हतंच विचारलं. परक्याच्या विहिरीवर माझा पहिला प्रश्न तोच असतो, पंप शेवटचा कधी चालवला? सख्ख्या भावाला कसलं विचारायचं! चहा प्याले, मोजलं, सही ठोकली. पुढे चूक लक्षात आली तेव्हा दातखीळ बसली. सहा वर्षं गप्प बसले, त्याची मला लाज वाटते.

"तुझे साहेब तिकडे वरच्या विहिरीवर आहेत," दादा आवाज खाली आणून म्हणाला. "इथे आपण दोघंच. तुझ्या वहिनीला काय सांगू मी?"

"नको रे छळूस मला!" मी वहीत लिहिलं : दहा वाजता, तीन सेंटीमीटर कमी.

दादानं वाकून वाचलं.

"पेन्सिलीनं लिहिलंस?"

"पाण्यात शाई फुटते."

"मग बाहेर ये आणि शाईनं लिही. नाहीतर संध्याकाळी मीच खोडायला लावीन तुला."

मी बाहेर येऊन अक्षरं शाईनं गिरवली.

"आता?"

"आता पंप बंद करायचा. पाणी परत चढलं की शंकाच उरत नाही."

"थांब, मी करतो."

घरघर थांबली. मी पुन्हा पट्टीशी वाकले. देवाशपथ, चढू नये असंच वाटत होतं. पाऊण तासानं पाणी एक रेघ वर आलं. मग दुसरी.

"चढतंय का गं?"

मी मान हलवली. दादा रोपांकडे पाठ करून काठावर बसला आणि पाणी चढताना बघत राहिला.