गूळपाण्याआधी

पहिला मार बैलाला बसला. १९७८ च्या मार्चमध्ये, सकाळी दहाच्या सुमारास, माझ्या थोरल्या भावाने, धोंडीरामने, जुवाची लाकडी खुंटी, शिवळ, उपसली आणि बैलाच्या डोळ्यावर घातली. एकदा नाही. डोळा फुटून खाली लोंबला तरी तो मारत होता. मग बांधावर जाऊन बसला. अंगातला सदरा घामाने पिळून काढावा इतका भिजला होता. वहिनीने त्याला भाकरी आणि गोड चहा दिला. अर्ध्या तासाने त्याने विचारलं, "बैलाला कोणी मारलं?"

तो बैल धोंडीरामने वासरू असल्यापासून वाढवला होता.

मे महिन्यात वहिनीचे, कुसाबाईचे, समोरचे दोन दात पडले. ऑगस्टमध्ये शेजारच्या मळ्यातला सहादू सकाळी काही विचारायला आला, तर धोंडीरामने त्याच्या डोक्यात फावडं घातलं. चौदा टाके पडले. प्रत्येक वेळी आधी दरदरून घाम, हातांना थरथर, तोंडाला फेस, माणसांची नावं चुकीची घेणं. नंतर काहीही न आठवणं.

आमचा मळा मखमलाबादच्या वाटेवर. झेंडू आणि शेवंती लावायचो, फुलं पंचवटीच्या बाजारात जायची. मी घरातली एकटी शिकलेली; केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि गावात एका डॉक्टरांच्या प्रयोगशाळेत रक्त-लघवी तपासायचं काम करत होते. त्यामुळे आईच्या मते मला दुखण्यातलं कळत होतं आणि देवाधर्मातलं काही कळत नव्हतं. आईचं, नवसाबाईचं, निदान ठरलेलं होतं. धोंडीरामच्या अंगात देवी येत होती.

डोक्याला पट्टी बांधून सहादू आमच्या अंगणात आला तेव्हा म्हणाला, "नवसाबाई, देवी येती म्हणता पोराच्या अंगात. मग माझं डोकं काय नारळ हाय का, तिच्यापुढं फोडायला?"

"कोप असंल तिचा तुझ्यावर," आई म्हणाली.

"माझ्यावर? मी काय केलंय?"

"ते तुझं तुला ठावं."

सहादूने चौकीत तक्रार दिली. हवालदार आला, धोंडीरामकडे पाहत राहिला. त्या वेळी धोंडीराम वहिनीबरोबर ओट्यावर बसून शेवंती निवडत होता आणि त्याने हवालदाराला चहा विचारला. आईने पाय धरल्यावर हवालदार म्हणाला, "दसऱ्यापर्यंत थांबतो. तोवर काय करायचं ते करा. त्यानंतर कोर्टापुढं उभा करून याला वेड्यांच्या इस्पितळात पाठवावं लागंल. उद्या मुडदा पडला तर माझी नोकरी जाईल."

आम्ही त्याला दोनदा दवाखान्यात नेलं होतं. दोन्ही वेळा चार माणसांनी धरून त्याला झोपेचं इंजेक्शन दिलं आणि सलाईन लावलं. त्या बाटलीत ग्लुकोज होतं. थोड्या वेळात माणूस शांत. मग घेतलेलं रक्त अगदी चांगलं निघालं आणि कागदावर मनोविकार असं लिहून आलं.

घरी आई वेगळं काही करत नव्हती. अंगात आलेल्याला गूळपाणी देण्याची आमच्याकडे पद्धत आहे. ती तांब्यात गुळाचा खडा विरघळवून त्याच्या तोंडात ओतायची. दहा-पंधरा मिनिटांत देवी उतरायची. मी हे सहा महिने पाहत होते आणि सहा महिने मला फक्त आईची भाबडी श्रद्धा दिसत होती. एक दिवस डॉक्टरांच्या टेबलाशी मधुमेहाच्या एका बाईला चुकून जास्त इन्सुलिन गेल्याची हकीकत ऐकली. घाम, थरथर, शिवीगाळ, आणि साखरेचं पाणी पाजताच शुद्धीवर. मी हातातली परीक्षानळी स्टँडवर ठेवली.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. सहा महिन्यांत वजन अकरा किलोने वाढलंय हेही सांगितलं, कारण मधेमधे सारखं खाल्लं की बरं वाटतं हे धोंडीरामच्या अंगाला कळलं होतं.

"स्वादुपिंडात एक गाठ होते," ते म्हणाले. "हरभऱ्याएवढी. इन्सुलिन गाळत बसते. मी पुस्तकातच वाचली आहे. मुंबईत माझ्या ओळखीचे एक सर्जन आहेत, ते पोट उघडतील, पण माझ्या शब्दावर नाही. झटका चालू असतानाचं रक्त पाहिजे. गूळपाण्याआधीचं."

"आणि तोवर त्याला पोलिसांनी नेलं तर?"

"तिथे सकाळी गूळपाणी कोण देणार?" डॉक्टर म्हणाले. "एखाद्या सकाळी तो उठणार नाही."

घटस्थापनेला आईने त्याच्याकडून कडक उपवास धरवला. दिवसभर पाणी आणि लवंगांची जोडी, संध्याकाळी आरतीनंतर एकदा फराळ. मी आईला विरोध करायला हवा होता. केला नाही. मला झटका हवा होता आणि तो कधी येईल हे आता घड्याळावर सांगता येणार होतं.

तिसऱ्या माळेला पावणेअकरा वाजता आला. तो घटासमोरून उठला आणि त्याने समईने भिंत बडवायला सुरुवात केली. मग आईला केसांनी धरून उंबऱ्यापर्यंत ओढत नेलं. वहिनीने त्याला मागून मिठी मारली आणि मी त्याच्या दंडाला रबरी नळी बांधून रक्त घेतलं. त्याने कोपर मागे मारलं ते वहिनीच्या बरगडीवर. आईने गूळपाणी पाजलं. सगळं सहा मिनिटांत झालं.

पण मी रक्त साध्या बाटलीत घेतलं होतं. फ्लोराइडची बाटली प्रयोगशाळेतच राहिली होती. रक्तातल्या पेशी बाटलीतही जिवंत असतात आणि साखर खात राहतात. फ्लोराइड त्यांना थांबवतं. आईच्या डोक्याची जखम बांधून, सायकलवरून गावात पोचेपर्यंत तीन तास गेले. आकडा शेहेचाळीस आला; धडधाकट माणसाचा उपाशीपोटीही सहसा सत्तरच्या खाली जात नाही.

"साध्या बाटलीत? ऑक्टोबरच्या उन्हात?" डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "असं कोणाचंही रक्त ठेवलं तर साखर उतरेल. हा आकडा मी मुंबईला पाठवू शकत नाही. तुम्ही तर हे रोज करता, यशोदाबाई."

मी रोज करत होते.

घरी येऊन वहिनीला सांगितलं. ती चुलीपुढे होती, बरगडीला हळद लावून फडकं गुंडाळलेलं.

"म्हणजे परत," ती म्हणाली.

"परत."

"दोरखंडानं बांधू का त्यांना?"

आतून आई म्हणाली, "देवीला बांधणार? माझ्या घरात? आधी मला बांधा."

वहिनी हसली. दात गेल्यापासून ती तोंडावर पदर धरून हसायची. "ऱ्हाऊ द्या. मी धरीन. वन्सं, तुम्ही फकस्त सुई नीट लावा. मागच्या टायमाला लय येळ लावला."

वहिनीची बरगडी सावरेपर्यंत पाच दिवस गेले; तोवर घाम दिसताच आई गूळपाणी पाजत होती. या वेळी मी सगळी तयारी केली. फ्लोराइडच्या दोन बाटल्या, उकळलेल्या दोन सिरिंजा, कापूस, नळी. आदल्या संध्याकाळी घरातला प्रत्येक विळा, खुरपं, कोयता, कुदळ गोळा करून कोठीत टाकली, कुलूप लावलं आणि किल्ली खुंटीला अडकवली. संध्याकाळी आठला त्याने साबुदाणा खाल्ला. मी तास मोजत होते. दिवस मोजायचे राहिले. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती.

सकाळी मी विहिरीवर असताना आईने खुंटीवरची किल्ली घेतली. खंडेनवमीला शेताच्या हत्यारांची पूजा झाली नाही असं आमच्या घरात कधी घडलं नव्हतं. तिने सगळी हत्यारं धुतली, विळ्यांना धार काढली, हळदकुंकू लावलं आणि घटाशेजारी पाटावर ओळीने मांडून वर झेंडूची फुलं ठेवली. मी अकराला दहा कमी असताना आत गेले तेव्हा धोंडीराम त्या पाटासमोरच बसला होता. त्याच्या मानेवरून घाम वाहत होता.

"दादा, मी कोण?" मी विचारलं.

"साळूबाई," तो म्हणाला. साळूबाई ही आमची मेलेली आत्या.

मी पाटाकडे सरकले तेवढ्यात तो उठला. वहिनीने त्याला मागून दोन्ही हातांखालून घट्ट आवळलं. तो गुरासारखा ओरडत होता. त्याने डोकं मागे आपटलं, वहिनीचं नाक फुटलं, तिने पकड सोडली नाही. मी उजव्या दंडाला नळी बांधली. शीर लगेच फुगली. सुई आत गेली, त्याने हात झटकला, सुई बाहेर आली आणि रक्ताची चिळकांडी घटावर उडाली. मी दुसरी सिरिंज घेतली. तोवर त्याचा डावा हात मोकळा झाला होता आणि त्या हातात विळा होता.

विळा माझ्या मानेवर येत होता. वहिनीने खांद्यावरून हात घालून पातं धरलं.

पातं धरलं म्हणजे मुठीत धरलं. त्याने ओढलं. तिने सोडलं नाही. "घ्या," ती म्हणाली. "घ्या, घ्या, घ्या."

माझी सुई शिरेत होती. दट्ट्या वर येत होता. अर्धा, एक. आई तांब्या घेऊन त्याच्या तोंडाशी आली होती. ती रडत होती आणि देवीला हाका मारत होती.

"अजून नाही," मी म्हणाले.

"अगं मरंल ती!"

"अजून नाही, आई."

मला दोन मिलिलिटर हवं होतं. दीड पुरलं असतं. आधीच्या चुकीमुळे मी दोन ठरवलं होतं, आणि दोनच्या रेघेपर्यंत मी त्या रेघेकडे पाहत राहिले. त्याने आणखी दोनदा विळा ओढला. मग मी सुई काढली आणि आईला मान हलवली.

गूळपाणी गेलं. मी रक्त बाटलीत सोडलं, बूच लावलं, नियमाप्रमाणे दहा वेळा उलटी-सुलटी केली. त्यानंतर वहिनीकडे वळले. तिची करंगळी जमिनीवर होती. शेजारचं बोट कातडीच्या एका धाग्यावर होतं.

धोंडीराम भिंतीला टेकून बसला होता. थोड्या वेळाने त्याने डोळे उघडून खोलीभर पाहिलं. "बकरं कापलं का काय?" तो म्हणाला.

आकडा चोवीस आला. डॉक्टरांनी तो दोनदा काढायला लावला. हवालदाराला त्यांनी चिठ्ठी दिली, आणि सहादू, पट्टी निघालेल्या डोक्यावर टोपी घालून, स्वतः चौकीत जाऊन थांबा असं सांगून आला. नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या सर्जनने धोंडीरामचं पोट उघडलं. गाठ हरभऱ्याहून लहान निघाली, तुरीच्या दाण्याएवढी. फॉर्मॅलिनच्या बाटलीत मला दाखवली. मातकट, गुळगुळीत, कुठे ठेवली तर सापडणार नाही अशी.

त्यानंतर त्याने कोणावर हात उचलला नाही.

वहिनीने घरात सगळ्यांना एकच बजावलं होतं. त्यांना सांगायचं नाही. गवत कापताना विळा लागला. सहादूलाही तेच. इतक्या वर्षांत कोणी बोललं नाही. आईही नाही, जी दुसरं काहीही पोटात ठेवू शकत नसे.

पुढच्या नवरात्रात धोंडीरामने पुन्हा तोच उपवास धरला. बरा झाल्याबद्दल आईने बोललेला नवस होता. खंडेनवमीला मी रजा काढली. साडेदहापासून आम्ही तिघी कारण नसताना ओट्यापाशीच होतो. आईच्या पदराखाली तांब्या होता. हत्यारं या वेळी परसात, तुळशीपलीकडे मांडली होती. तशी का, हे धोंडीरामने विचारलं नाही.

तो ओट्यावर दसऱ्याचे हार करत होता. फुलांच्या चार पाट्या व्हायच्या होत्या. वहिनी समोर बसून फुलं खुडून देत होती. पूर्वी हार ती करायची, मळ्यात तिच्याइतका हात कोणाचा चालत नव्हता. आता उरलेल्या तीन बोटांत दोरा ताणून धरता येत नसे.

अकरा वाजले. सव्वाअकरा. त्याच्या कपाळाला घाम नव्हता. मी पाहत होते हे त्याच्या लक्षात आलं.

"यशे, काय बघती गं? मला शिंगं फुटलीत का?"

"नाही."

त्याने हार संपवला, गाठ मारली आणि वहिनीकडे हात पुढे केला. "विळा दे गं. दोरा तोडायचाय."

वहिनी जागची हलली नाही. तिने दोन बोटं गेलेला हात पदरात घेतला होता. त्याची नजर तिथे गेली.

"विळा हातात घ्यायला तू भिती अन् तुझ्या हातात द्यायला मी," तो हसत म्हणाला. "एवढ्या वर्षांची मळेकरीण तू. गवत कापताना नजर कुठं होती तुझी?"

"वन्संच्या सुईकडं," वहिनी म्हणाली.

त्याला काही कळलं नाही. त्याने दोरा दाताने तोडला आणि पुढचं फूल मागितलं.