तपासनीस क्रमांक चार

सूनबाई ज्या कंपनीत कामाला होती, ती ब्राउझर बनवायची. इंटरनेट बघायची खिडकीच ती. चालते तोवर तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, आणि अडकली की लोक थेट कंपनीच्या नावाने खडे फोडतात. त्यातले मराठीतून येणारे खडे सूनबाईच्या टेबलावर पडायचे.

कुणाचं पान अर्धंच छापून यायचं. कुणाचा पासवर्ड लक्षात राहायचा नाही, तर कुणाचा नको त्या माणसासमोर आपणहून भरला जायचा. एका बाईंनी लिहिलं होतं, ‘मी एकदा एक चपलांचा जोड बघितला. तेव्हापासून मी ज्या पानावर जाते तिथे तो जोड माझ्या आधी येऊन बसलेला असतो.’ लिहिणाऱ्याचं नाव सूनबाईला कळत नसे आणि सूनबाईचं त्याला. उत्तराखाली फक्त ‘तपासनीस क्र. ४’ एवढी सही जायची.

तक्रार आली की ती ऑफिसातल्या संगणकावर तोच प्रकार करून बघायची. बिघाड दिसला तर पुढे पाठवायची. नाही दिसला तर एक ठरलेलं उत्तर होतं, तिनेच कधीतरी घाईत टाइप केलेलं: ‘कृपया ब्राउझर अद्यावत करा, साठवलेली माहिती पुसा आणि पुन्हा सुरू करून पाहा. आमच्याकडे ही अडचण आढळली नाही.’ एक बटण दाबलं की उत्तर जायचं आणि तक्रार बंद व्हायची. दिवसाला चाळीस तक्रारी, त्यामुळे या बटणावरचा रंग उडाला होता.

घरी सासू-सासरे आणि ती. नवरा कामासाठी महिन्यातले तीन आठवडे बाहेर. सासरे, म्हणजे अप्पा, वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. तीस वर्षं त्यांनी दुकानादुकानांतून काटे तपासले होते, आणि निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नाही म्हणून त्यांनी संगणक घेतला. तो ते कधी बंद करत नसत. ब्राउझरमध्ये दीडशेवर पानं एका वेळी उघडी असायची. "बंद केलं की परत सापडेल याची खात्री कोण देतो?" असं त्यांचं म्हणणं. ‘नवी आवृत्ती आली आहे’ अशी पाटी आली की ते शांतपणे ‘नंतर आठवण करून द्या’वर टिचकी मारायचे.

एका गुरुवारी जेवताना अप्पांनी शेजारी एक फाइल आणून ठेवली.

"आज त्यांचं उत्तर आलं," ते म्हणाले. "तीन आठवड्यांनी."

"कुणाचं?" सूनबाईने विचारलं.

"तुमच्याच कंपनीचं. माझा ब्राउझर मधेच आपोआप बंद होतो. पाच महिन्यांत सहा वेळा झालं. सहा तक्रारी केल्या."

"अप्पा, मग मला नाही का सांगायचं?"

"घरच्या माणसाकडून काम करून घेणं म्हणजे वशिला. रीतसर अर्ज केला. तर हा इसम बघ काय लिहितो." त्यांनी फाइलमधला कागद काढला, चष्मा लावला आणि वाचलं. "‘कृपया ब्राउझर अद्यावत करा.’ अद्यावत! दोन ‘य’ असतात त्या शब्दात. सहाही वेळा एकच ‘य’. आणि सही काय, तर तपासनीस. अगं, तपासनीस कशाला म्हणतात ते मला विचार."

सूनबाईने पाण्याचा पेला उचलला.

"ओळखतेस का तू या चार नंबरला?"

"कंपनी मोठी आहे," ती पेल्याआडून म्हणाली.

"तू कुठली ओळखणार. तू गुणवत्ता विभागात. हा कुणीतरी खुर्ची उबवणारा असणार."

"असेल बिचारा कामात," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही चार-चार पानं लिहिता. कोण वाचणार?"

"ज्याला वाचायचा पगार मिळतो तो," अप्पा म्हणाले आणि जेवायला लागले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्या गेल्या सूनबाईने ‘आपोआप बंद होतो’ असं शोधून त्या सहा तक्रारी वर काढल्या. पहिली तिने वाचली होती. बाकीच्यांचे नुसते मथळे बघून बटण दाबलं होतं. आता पहिल्या ओळीपासून वाचत गेली, आणि तिसरीत तिचा हात थांबला. अप्पांनी तक्ता आखला होता. ब्राउझर कधी सुरू केला, कधी बंद पडला, मधे किती वेळ गेला. आणि मधला वेळ प्रत्येक ओळीत तोच होता: चोवीस दिवस, वीस तास, एकतीस मिनिटं.

हा योगायोग नव्हता. ती तक्ता घेऊन तडक टीमच्या प्रमुखाकडे गेली. या गृहस्थांना सगळे पाठीमागे ‘आमच्याकडे-चालतं’ म्हणत, कारण कुठलीही तक्रार नेली की त्यांचं पहिलं वाक्य तेच असायचं.

"आमच्याकडे चालतं," ते म्हणाले.

"आपल्याकडे रोज सकाळी नवी आवृत्ती चढते, सर. म्हणजे रोज ब्राउझर बंद होऊन सुरू होतो. पंचवीस दिवस सलग चालू ठेवणारा माणूस आपल्या सगळ्या इमारतीत नाही."

"असा माणूस जगात तरी आहे का?"

"आमच्या घरात आहे," सूनबाई म्हणाली.

तक्त्याप्रमाणे पुढचा बिघाड परवा, रविवारी सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी व्हायचा होता. प्रमुख म्हणाले, मी स्वतः येऊन बघतो. म्हणजे त्याच्या आत घरी खरं सांगणं आलं. संध्याकाळी ती अप्पांच्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"अप्पा, तो चार नंबर मी आहे."

अप्पांनी वर बघितलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते रागावले असते तर बरं, असं तिला वाटून गेलं.

"सहाही वाचल्यास?" त्यांनी विचारलं.

"पहिली. बाकीच्या आज वाचल्या."

"मी तिसरीतला तक्ता करायला दोन दिवस बसलो होतो."

"हो. तक्ता बघितल्यावरच कळलं. चुकलं माझं."

अप्पांनी फाइलची दोरी सोडली, परत बांधली. मग म्हणाले, "एकदा एका वखारीतला मोठा काटा मी न तपासताच शिक्का मारला होता. पाऊण तासाचं काम, आणि मला भूक लागली होती. पुढे तोच काटा खोटा निघाला. खात्यात कुणाला कळलं नाही. तुझ्या सासूलाही सांगितलेलं नाही." थोडं थांबून म्हणाले, "साहेबांना म्हणावं, साडेदहालाच या. उशीर झाला तर पंचवीस दिवस थांबावं लागेल."

रविवारी प्रमुख सव्वादहालाच हजर झाले. बिघाडाच्या क्षणी आत काय घडतं ते टिपून घेणारी सोय त्यांनी अप्पांच्या संगणकावर अगदी हलक्या हाताने बसवली. मग सवयीने म्हणाले, "यातली काही पानं बंद केली तर..."

"हात लावायचा नाही," अप्पा म्हणाले. "मोजणी चालू असताना काट्याला हात लावत नाहीत."

प्रमुखांनी हात मागे घेतला आणि मांडीखाली ठेवला.

पावणेअकराला ‘नवी आवृत्ती आली आहे’ ही पाटी आली. अप्पांनी ‘नंतर आठवण करून द्या’ दाबलं. अकराला पाच कमी असताना सासूबाई इस्त्री घेऊन आल्या आणि आतल्या खोलीतला प्लग चालत नाही म्हणून संगणकाची पिन काढायला वाकल्या. सूनबाईने अक्षरशः झेप घेतली आणि पिनेशेजारच्या बटणावर पालथा हात धरून भिंतीला पाठ टेकून बसली.

"काय झालं गं?"

"आई, वीस मिनिटं. पाया पडते."

"बंद पडायचीच वाट बघताय ना? मग मी काढते की पिन."

"तसं नाही. त्याचं त्याने पडायला हवं," अप्पा म्हणाले. सासूबाईंनी पाहुण्यांकडे बघितलं. पाहुण्यांनी मान डोलावली. मग त्याही इस्त्री मांडीवर घेऊन बसल्या.

अकरा वाजून सात झाले. काही झालं नाही. अप्पांचं तोंड उतरलं. प्रमुख खाकरले; त्यांच्या ओठांवर ते ठरलेलं वाक्य येणार हे सूनबाईला दिसलं. आणि अर्धं मिनिट उलटायच्या आत पडद्यावरची खिडकी, दीडशे पानांसकट, फुंकर मारल्यासारखी गेली.

प्रमुखांनी टाळ्या वाजवल्या. सूनबाईने अप्पांचा हात धरून हलवला. काम बिघडल्याचा इतका आनंद सासूबाईंनी या घरात कधी बघितला नव्हता. त्यांनी पिन काढली आणि इस्त्री लावली.

टिपलेलं थेट प्रमुखांच्या लॅपटॉपवर उतरलं होतं; ते वाचायला त्यांना तास लागला. ब्राउझर सुरू झाल्या क्षणापासून आत एक मोजणी चालू व्हायची, सेकंदाच्या हजाराव्या भागाने. तो आकडा ठेवायला दिलेली जागा बरोबर तेवढ्या काळात भरायची. पुढचा आकडा मावायचा नाही आणि सगळं कोसळायचं.

"म्हणजे काट्याची क्षमता संपली, तरी माल टाकणं चालूच," अप्पा म्हणाले.

"अगदी तेच," प्रमुख म्हणाले. त्यांना हे कुणी इतक्या सोप्या शब्दांत सांगितलं नव्हतं.

दुरुस्ती दोन ओळींची निघाली. आठवड्यात नवी आवृत्ती तयार झाली, आणि मग घोडं अडलं ते अप्पांपाशी. ती चढवायची तर ब्राउझर आपल्या हाताने बंद करायला हवा. सूनबाईने शेजारी बसून दीडशे पानांची यादी करून दिली, पाच कागद भरले, अप्पांनी ती एकेक करून पडताळली. मग डोळे मिटून त्यांनी ‘आत्ता करा’ दाबलं.

त्यानंतरच्या पंचविसाव्या दिवशी सासूबाईंच्या भाचीच्या नव्या घरी सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. नवराही आला होता. जेवण ऐन रंगात असताना अप्पांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. त्याच वेळी समोर बसलेल्या सूनबाईने आपलं बघितलं. मग तिने टेबलाखालून फोन काढला. निघताना तिने अप्पांच्या संगणकासमोर जुना फोन उभा करून ठेवला होता, त्यातून पडदा दिसत होता. तिने बघितलं, दोन मिनिटं थांबून पुन्हा बघितलं आणि अप्पांकडे बघून मान डोलावली.

"काय झालं?" भाचीने विचारलं.

"काही नाही," अप्पा म्हणाले. "काहीच झालं नाही." आणि सहसा दुसऱ्यांदा काही न घेणाऱ्या त्या माणसाने आपली वाटी पुढे केली.