तेरा साती आणि कुकरची शिट्टी

शनिवारी शाळेतून परत येताना केतकीनं मला सांगितलं, की सोमवारपासून आम्ही तिघं व्हॅननं जाणार.

केतकी माझी नात, पाचवीत आहे. तिघांपैकी दुसरी पिंकी, शेजारच्या हिंदी बोलणाऱ्या घरातली आणि केतकीच्याच वर्गातली. तिसरा मंदार. तो वरच्या मजल्यावर राहतो, दुसरीत आहे आणि केतकी जे ठरवील ते त्याला आधीपासूनच पटलेलं असतं.

"मतं घेतली का?" मी विचारलं.

"घेतली. तीन विरुद्ध शून्य."

"मला कुणी विचारलं नाही."

"तुम्ही ड्रायव्हर आहात ना, आजोबा," केतकी समजुतीच्या स्वरात म्हणाली.

कारण मला ठाऊक होतं, तरी मी विचारलं. व्हॅनचे ड्रायव्हर गोविंदभैया मोबाइलवरून गाणी लावतात. मुलं सांगतील ती. माझ्या गाडीत कॅसेटचा डेक आहे आणि त्यात पाढे वाजतात.

"नाट्यगीतंसुद्धा आहेत," मी म्हणालो.

"तेच तर सांगतेय," केतकी म्हणाली.

आता या पाढ्यांबद्दल सांगायला हवं. निवृत्त होईपर्यंत मी कारखान्यात शिकाऊ मुलांना यंत्रं शिकवत असे. त्या काळात आमच्या आशिषसाठी, म्हणजे केतकीच्या बाबांसाठी, मी माझ्या आवाजात पाढ्यांची कॅसेट भरली होती. तिच्यावर 'पाढे, दोन ते तीस' अशी चिठ्ठी आहे. गाडीत ती रोज सकाळी दोनपासून सुरू होते आणि शाळा येते तेव्हा आम्ही बाराच्या पाढ्यात असतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन. कारण घरी आलो की आमची प्रमिला कॅसेट मागते आणि पेन्सिल घालून ती पुन्हा सुरुवातीपर्यंत गुंडाळून ठेवते. डेकमध्ये मागे फिरवली की मोटर झिजते, असं तिचं म्हणणं. ऐकलेली कॅसेट न गुंडाळता ठेवणं तिच्या लेखी खरकटं ताट तसंच ठेवण्यासारखं आहे.

त्यामुळे तेराचा पाढा या मुलांनी कधी ऐकलेलाच नव्हता.

आणि तरीही इंद्रपुरीपासून आनंद नगरातल्या शाळेपर्यंतचा तो रस्ता म्हणजे माझा उरलेला एकमेव वर्ग होता. सिग्नलला थांबलो की मंदार विचारायचा, लाल दिवा लालच का. पिंकी विचारायची, गाडीला गिअर कशाला लागतात. घरी मला कुणी काही विचारत नाही. घरी सगळ्यांना मोबाइल सांगतो.

"माझ्या डेकवर मोबाइलवरची गाणी वाजली तर?" मी विचारलं.

तिघांनी मागच्या सीटवर डोकी एकत्र केली. कुजबुज झाली.

"वाजतील का पण?" केतकी म्हणाली.

"वाजली तर?"

"तर थांबू. पण सोमवारी सकाळी वाजली पाहिजेत. नाहीतर व्हॅन."

आशिषनं मला कितीदा तरी नवीन म्युझिक सिस्टिम बसवून देतो म्हणून सांगितलं आहे. पण चालतं यंत्र काढून फेकायचं नाही, हे मी इतक्या शिकाऊ पोरांना सांगितलं आहे, की आता मलाच ते मोडता येत नाही. म्हणून मी त्याच संध्याकाळी बाजारात गेलो आणि ती वस्तू घेऊन आलो. दिसायला कॅसेट. तिच्या एका कोपऱ्यातून वायर निघते आणि वायरीचं टोक मोबाइलला लावायचं. माझ्या जुन्या मोबाइलला ते गोल भोक अजून आहे.

"अंकल, इसमें टेप नहीं होती," दुकानदार म्हणाला. "खाली डब्बा है. गाना तार से आता है."

मी गाडीत बसून लावून पाहिली. गाणं खणखणीत वाजलं. मी कॅसेट काढली, घरात आणून टेबलावर ठेवली आणि शांत झोपलो.

रविवारी सकाळी चहा घ्यायला आलो, तर प्रमिला टेबलाशी बसून पेन्सिल फिरवत होती.

"अहो, ही कसली कॅसेट आणलीत? केव्हाची गुंडाळतेय, शेवटच येत नाही."

"प्रमिला, तिच्यात टेप नाहीये."

"मग इतका वेळ मी काय गुंडाळतेय?"

एवढं म्हणून तिनं उरलासुरला एक फेरा जोर लावून पुरा केला. आतून 'कट' असा आवाज आला. "हं," ती समाधानानं म्हणाली, "लागली शेवटाला."

थोड्या वेळानं तिघं मुलं तपासणीसाठी आली. आम्ही अंगणात गाडीत बसलो. मी वायर जोडली, केतकीनं मोबाइलवर गाणं निवडलं आणि कॅसेट आत सरकवली. गाणं सुरू झालं. दोन शब्द झाले आणि डेकमधून 'खटक' आवाज आला. शांतता. पुन्हा 'खटक'. पुढचे दोन शब्द. 'खटक'. शांतता.

मंदार बाहेर उतरून नाचायला लागला. वाजलं की नाचायचा, थांबलं की एक पाय वर धरून उभा राहायचा. तिसऱ्या खटक्याला तो तुळशीच्या कुंडीवर पडला.

"व्हॅन," पिंकी केतकीच्या कानात म्हणाली, पण मला ऐकू येईल अशा बेतानं.

"आधी बघू तर, काय झालंय," मी म्हणालो. "स्क्रू ड्रायव्हर आणा."

व्हरांड्यात बसून मी ती कॅसेट उघडली. तीन डोकी माझ्या हाताच्या इतकी जवळ आली, की मला स्क्रू दिसेना. आत आवाज डेककडे पोचवणारं एक छोटं हेड होतं, त्याला वायर जोडलेली, आणि एकमेकांत अडकलेली प्लास्टिकची दातेरी चाकं. मधल्या चाकाचे दाते तुटून तळाशी पडले होते.

"गाना तो तार से आता है," पिंकी म्हणाली. "मग चाकं कशाला आहेत?"

असा प्रश्न आला की माझी कंबर दुखायची थांबते.

"डेकची समजूत घालायला," मी म्हणालो. "हे बघ, डेक जुना माणूस आहे. त्याला मोबाइल माहीत नाही. त्याला एवढंच कळतं, की कॅसेटची दोन्ही चाकं फिरताहेत का. फिरताहेत तोवर तो खूश. थांबली की त्याला वाटतं, ही बाजू संपली. मग तो बिचारा आपण होऊन बाजू बदलतो. त्या बाजूला काहीच नाही, म्हणून गप्प. मग पुन्हा बदलतो."

"म्हणजे तो वेडा आहे," मंदार म्हणाला.

"वेडा नाही, कर्तव्यदक्ष आहे."

"आपल्याला फक्त त्याला उल्लू बनवायचंय," केतकी म्हणाली. इतकं नेमकं माझ्या एकाही शिकाऊ मुलानं कधी सांगितलं नव्हतं.

मग उपाय सुरू झाले. मंदारनं तोंडातलं च्युइंगगम देऊ केलं. पिंकीनं केसांचं रबर काढून दिलं. ते दोन चाकांवर पट्ट्यासारखं चढवलं, पण ते इतकं जाड होतं, की झाकण बसेना. मिठाईच्या डब्याचं रबर बारीक होतं, ते तुटून प्रमिलाच्या चहात पडलं. तिनं ते चमच्यानं काढून बशीत ठेवलं. पेन्सिलीचा विषय निघेल म्हणून सकाळपासून ती जपूनच बोलत होती.

"खऱ्या कॅसेटमध्ये चाकांना कोण जोडतं?" मी विचारलं.

"टेप," केतकी म्हणाली. मग ती थांबली. मग हळूच म्हणाली, "आजोबा, टेपचा तुकडा कापून गोल जोडला तर? पट्ट्यासारखा?"

"चालेल. पण कापायची कुठली कॅसेट?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. माझ्याकडे कुणीच पाहिलं नाही. पिंकी धावत गेली आणि पाढे घेऊन आली, मंदार कात्री घेऊन आला. माझ्या कुठल्याही सूचनेवर आजवर इतक्या चपळाईनं अंमल झालेला नाही.

मी म्हटलं, ठीक आहे. कॅसेट राहील की वर्ग, एवढाच प्रश्न होता.

मुलांनी टेप ओढायला सुरुवात केली. व्हरांडाभर काळ्या चकचकीत शेवया झाल्या. त्या ढिगातून हाती आला तो वीतभराहून थोडा मोठा तुकडा मी कापला, टोकं चिकटपट्टीनं जोडून कडं केलं आणि खऱ्या टेपच्या वाटेनंच, दोन्ही चाकांवरून आणि पुढच्या हेडासमोरून फिरवून आणलं. झाकण बसलं. चाकं फिरू लागली.

गाडीत पुन्हा सगळे बसले. गाणं सुरू झालं आणि खटका आला नाही. दोन शब्द, चार शब्द, आख्खी ओळ. केतकीनं टाळी द्यायला हात वर केला, तेवढ्यात गाण्याच्या अंगावरून एक भारदस्त आवाज चालत आला.

"तेरा साती एक्याण्णव."

मागोमाग कुकरची लांब शिट्टी. आणि मग एका तरुण बाईचा आवाज, चिडका आणि अगदी स्पष्ट: "अहो, गॅस बंद करा."

गाणं चालूच होतं. गायक बिचारा प्रेमाबद्दल काहीतरी सांगत होता. त्याची एक ओळ होते न होते, तोच पुन्हा: तेरा साती एक्याण्णव, शिट्टी, अहो, गॅस बंद करा.

पिंकी सीटवरून खाली घसरली. मंदारला उचकी लागली. केतकी हसता हसता एवढंच विचारू शकली, "ही आजी आहे?"

आजी गेटाशी येऊन उभी होती.

"हे काय लावलंय? सगळ्या इंद्रपुरीला कळलं, माझा कुकर झाला ते."

"आजी, तुम्ही गाण्यात आहात," मंदार म्हणाला.

मी मुलांना समजावून सांगितलं. पट्टी दोन हेडांच्या मधून जाते, एक या कॅसेटचं आणि एक डेकचं. वायरीतलं गाणं तिला ओलांडून डेकला पोचतं, पण पट्टीवरचं जुनं भरलेलंही पुसलेलं नाही, म्हणून डेक दोन्ही ऐकवतो. कडं एकदा फिरलं, की पुन्हा तेच. मला वाटलं, कुणाचं लक्ष नसेल. पण पिंकी म्हणाली, "मतलब कडं जितकं लंबं, तितक्या उशिरानं आजी ओरडणार." मी म्हणालो, अगदी बरोबर. मग वाईट वाटून पुढे म्हणालो, "पण ही पट्टी काढावी लागेल. गाणं नीट ऐकू येत नाही. काहीतरी दुसरं शोधतो संध्याकाळपर्यंत."

"काढायची नाही," केतकी म्हणाली.

"पण तुम्हाला मोबाइलवरची गाणी हवी होती."

"वाजतायत ना."

सोमवारी सकाळी तिघं वेळेआधी गाडीत येऊन बसले. काचा खाली करा म्हणाले. रायसेन रोडच्या सिग्नलला आमच्या शेजारी गोविंदभैयांची व्हॅन येऊन थांबली. तिच्यातही मोठ्यानं गाणं चालू होतं. आमच्याकडून तेरा साती एक्याण्णव गेलं, शिट्टी झाली आणि नंतरची ओळ मागच्या सीटवरून तिघांनी एका सुरात म्हटली. व्हॅनमधली सगळी मुलं आमच्या बाजूच्या खिडक्यांना चिकटली. गोविंदभैयांनी आपलं गाणं बंद केलं.

"अंकल, ये कौन सा गाना है?"

"मराठी है," पिंकी म्हणाली.

दिवा हिरवा झाला तेव्हा व्हॅनमधून चार-पाच आवाज एकदम ओरडले, "अहो, गॅस बंद करा." उच्चार थोडे चुकले होते, पण दोन फेऱ्यांत एवढं येणं वाईट नाही.

मधेच मंदारनं विचारलं, "एक्याण्णव म्हणजे किती?"

"इक्यानवे," पिंकी म्हणाली. "तेरह सत्ते इक्यानवे. इतना भी नहीं पता?" तिलाही शनिवारपर्यंत पता नव्हतं.

शाळेच्या गेटाशी गाडी थांबवली. डबे, बाटल्या, दप्तरं उतरली. मी स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत विचारलं, "मग? उद्यापासून व्हॅन का?"

"उद्या तेरा आठी लावा," केतकी म्हणाली. "तेच तेच किती दिवस ऐकणार?"

"पण गॅस ठेवा," मंदार म्हणाला आणि पळाला.

घरी येऊन मी रविवारी पोत्यात भरून ठेवलेली ती काळी शेवई काढली आणि तेरा आठी शोधायला बसलो. थोड्या वेळानं मला आठवलं. तेरा साती म्हटल्यावर मी गॅस बंद करायला उठलो होतो आणि परत येऊन बसलोच नव्हतो. ती कॅसेट तिथंच संपते. चिठ्ठीवर तीस लिहिलं आहे, ती माझी इच्छा होती.

मी माळ्यावरून जुना टेपरेकॉर्डर काढला, पुसला, त्यात कोरी कॅसेट घातली. मग स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो.

"प्रमिला, एक काम होतं."

"माझा आवाज काढून टाकणार असाल तर आधी सांगा," ती म्हणाली. "सकाळी दूधवाल्यानं ऐकला. आवाज अजून तसाच आहे म्हणाला."

"काढत नाहीये. नवा भरायचाय."

तिनं क्षणभर विचार केला. पदर नीट केला, घसा साफ केला आणि कुकर उचलला.

"बटाटे लावते," ती म्हणाली. "शिट्टी खरी पाहिजे. तुम्ही तुमचं तेरा आठी म्हणा आणि उठू नका. उठलात की पुढचं राहतं. गॅस मीच बंद करीन."

"पण मग 'अहो, गॅस बंद करा' कुणाला म्हणशील?"

"म्हणेन तुम्हालाच," ती म्हणाली. "तुम्ही कधी ऐकता?"

त्या संध्याकाळी शिट्टी मनासारखी येईपर्यंत आम्ही चार वेळा कुकर लावला. मंगळवारी सगळ्यांच्या डब्यात बटाट्याची भाजी होती. पिंकी आणि मंदारच्यासुद्धा.